झिजलेल्या टोकावर घेतलेलं माप

माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याने मला फसवलं, असं मी भरल्या पंगतीत म्हणालो. ते खरं नव्हतं. म्हणालो तेव्हा माझी जवळजवळ खात्री होती, पण तो 'जवळजवळ' मी गिळला, आणि त्याच्याखाली काय दडलंय हेही मला ठाऊक होतं. चूक मापाची होती, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत आलो. माप चुकलंच होतं. पण तेवढंच असतं तर हे लिहायला बसलो नसतो.

मी साताऱ्यात औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. आलेला भाग मोजायचा आणि पास की नापास ते सांगायचं, हे माझं काम. आमचे दाजी सांगलीत असतात. त्यांचं लेथ आणि ग्राइंडिंगचं वर्कशॉप आहे. क्रँक घासणं, कॅम बनवणं यात त्यांचं नाव आहे आणि ते नाव त्यांना स्वतःला सगळ्यांत जास्त आवडतं. माझ्या नोकरीवरून ते मला 'इन्स्पेक्टर' म्हणत. आक्कानं, म्हणजे माझ्या बहिणीनं, चहा पुढे केला की म्हणायचे, "थांबा, इन्स्पेक्टरना आदी साखर मोजू द्या. एक मायक्रॉन कमी-जास्त झाली तर कप परत करतील." आक्का म्हणायची, "तुमी गप बसा वो," आणि हसायची. आमचं नातं असं होतं.

मोटारसायकल आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. लष्करातून निवृत्त होऊन आले तेव्हा त्यांनी घेतलेली, एका सिलिंडरची, साडेतीनशे सीसीची. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये पोत्यांखाली गेली. तिला पुन्हा चालू करायचं माझ्या डोक्यात आलं तेव्हा आबा म्हणाले होते, "हाय तशी चालू कर. तिला कशाला शर्यतीत पाठवायचीय?" मला मात्र ती यवतेश्वरचा घाट तिसऱ्या गिअरवर चढायला हवी होती. वाढत्या वयात माणसाला असलं काहीतरी सुचतं. मोठा पिस्टन बसवला, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक घेतल्या, आणि दाजींना सांगितलं की कॅमशाफ्ट जास्त उचल देणारे पाहिजेत.

ज्यांना इंजिनाशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅम म्हणजे दांड्यावरचा अंड्याच्या आकाराचा उंचवटा. दांडा फिरला की त्या अंड्याचं टोक वरच्या टॅपेटला ढकलतं, टॅपेट एका सळईला ढकलतं आणि सळई व्हॉल्व्ह उघडते. आमच्या इंजिनात असे दोन छोटे कॅमशाफ्ट आहेत. एकाने पेट्रोल-हवा आत येते, दुसऱ्याने धूर बाहेर जातो. टोक उंच केलं की व्हॉल्व्ह जास्त उघडतो आणि गाडीला दम येतो. मात्र ते टोक आणि टॅपेट एकमेकांवर घासतच जगतात, म्हणून कॅमला वरून कडक कातडं आणावं लागतं. आत लोखंड चिवट, वर कातडं काचेसारखं कठीण.

दाजींनी नव्या तुकड्यातून दोन्ही कॅम काढले, कुपवाडला ओळखीच्या माणसाकडून कडक करून घेतले आणि स्वतः घासले. नवी टॅपेटही त्यांनीच दिली. खंडेनवमीला पूजा करून गाडी पहिल्यांदा चालू करायची असं ठरलं. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला.

"इन्स्पेक्टर, ध्यान देऊन ऐका. चालू झाली की लगीच रेस धरायची, मध्यम, आन् ईस मिनिटं सोडायची न्हाई. मंद ठिवायची न्हाई म्हंजे न्हाई."

"का वो?"

"आवं, मंदावर त्येल वर उडत न्हाई. आन् तुमी बसवल्यात पैलवानाच्या स्प्रिंगा, त्या मंदावरच कॅमच्या टोकावर लय दाबत्यात. कॅमची आन् टॅपेटची सोयरीक जमू द्या पयल्यांदा. एकदा जमली की मग जलमभर बघायला नको."

मी "व्हय, व्हय" म्हणालो. हे मला पुस्तकातूनही माहीत होतं.

खंडेनवमीला अंगणात आबांची खुर्ची गाडीच्या मागे, सायलेन्सरपासून दोन हातांवर मांडली, कारण त्यांना आता कमी ऐकू येतं. गल्लीतले त्यांच्याच वयाचे चार-पाच निवृत्त जवान आले. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, हँडलला कुंकू. दोन-तीन किकांत गाडी लागली. मी रेस धरली. अंगणात धूर आणि नुसता गोंगाट. मिनिटभरानं आबांनी हात वर केला.

"आरं, काय कालवा लावलाय! ठोका ऐकू दे की."

आमच्याकडे या गाडीची परीक्षा तिच्या मंद चालीवर होते. एक ठोका पडला, आता दुसरा पडतोय की नाही, अशी ओढ लागली पाहिजे. जितकी मंद तितकी गाडी खानदानी. सगळी म्हातारी मंडळी त्याचीच वाट बघत बसली होती. मी कार्ब्युरेटरवरचा मंद चालीचा स्क्रू पिळला. ठोके सुटे झाले. आबांनी मान डोलावली.

"आजून," ते म्हणाले.

मी आणखी पिळला. एक निवृत्त हवालदार कानामागे हात धरून म्हणाले, "सुबेदार, मेली वाटतं," आणि तेवढ्यात पुढचा ठोका पडला. सगळे खदखदून हसले. आबाही हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. आरती झाली, नारळ फुटला, पेढे झाले, चहा झाला. गाडी तशीच मंद ठोके देत उभी होती. दाजींचं वाक्य मला दोनदा आठवलं. दोन्ही वेळा मी आबांकडे बघितलं आणि स्क्रूला हात लावला नाही.

पुढचे काही महिने गाडी छान पळाली. मग उजव्या बाजूने टिकटिक यायला लागली. टॅपेटचं अंतर सैल झालं असेल म्हणून मी ते नीट केलं. आठवडाभरात पुन्हा टिकटिक. पुन्हा नीट केलं, पुन्हा आली. अंतर एकदा बदललं तर ती सेटिंग असते. सारखं वाढतच राहिलं तर आत काहीतरी झिजतंय. एके दिवशी घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडीनं दम सोडला आणि कार्ब्युरेटरमधून फटफट उलट्या शिंका दिल्या. प्लग बदलला, कार्ब्युरेटर धुतला, कॉम्प्रेशन बघितलं. ते सगळं ठीक होतं. ऑइल काढलं तेव्हा बोटावर चांदीच्या वर्खासारखी चमक आली.

रविवारी प्लग काढून ठेवला, वरचं झाकण उघडलं आणि व्हॉल्व्हवर डायल गेज लावला. किकने इंजिन हळूहळू फिरवत प्रत्येक व्हॉल्व्ह किती उचलतोय ते बघितलं. आत घेणारा व्हॉल्व्ह ठीक होता. बाहेर सोडणारा एक मिलिमीटरहून जास्त कमी उचलत होता. धूर पुरता बाहेर जात नव्हता, म्हणून उलट्या शिंका. बाजूचं कव्हर उघडून कॅमशाफ्ट हातात घेतला. त्याचं टोक दगडावर घासावं तसं सपाट झालं होतं. त्यावरच्या टॅपेटच्या तळाला खळगा पडला होता, बशीसारखा.

मला लगेच राग आला नाही. एक जुनं बोलणं आठवलं. कधीतरी दाजी त्यांच्या दुकानात बसून दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीबद्दल म्हणाले होते, "जुन्या कॅमला वेल्डिंगचं भरण दिलं आन् घासून पॉलिश मारलं तर बापाला कळत न्हाई." तेव्हा आम्ही दोघेही हसलो होतो. आता ते वाक्य कानात नव्यानं वाजलं. मग एकेक गोष्ट त्याच्या मागं येऊन उभी राहिली. कॅम द्यायला त्यांनी दोनदा उशीर केला होता. कडक करायला दिले तेव्हा मला दाखवले नव्हते. दिले तेव्हा तेलाच्या कागदात गुंडाळून दिले होते, आणि 'बघा' म्हणाले नव्हते. संशयाची ही रीतच आहे. तो नवं काही आणत नाही, घरातल्याच वस्तू हलवून ठेवतो. दर उन्हाळ्यात ते आमच्याकडे द्राक्षांची पेटी घेऊन यायचे, तीसुद्धा मला त्या दिवशी खटकली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात कॅम यंत्राखाली ठेवला. कठीणपणा मोजायचं आमचं यंत्र टोकदार सुई भागात दाबतं आणि आकडा दाखवतं. भाग सपाट बसला तर माप सोपं. कॅमची पाठ गोल, तिला खाली वेगळा आधार शोधावा लागला असता. झिजलेलं टोक मात्र छान सपाट झालं होतं, सुई नीट बसली. साठच्या आसपास यायला हवा होता तो आकडा तिशीत आला. पुन्हा घेतला, तोच आला. मऊ लोखंड.

तिथं उभ्या उभ्या माझे कान गरम झाले. परक्यानं फसवलं असतं तर मी भांडलो असतो आणि विसरलो असतो. हा माणूस माझ्या आबांच्या पाया पडायचा. आबांच्या गाडीत, आबांच्या मुलाच्या हातून, त्यानं भरणाचं लोखंड घातलं आणि वर फोन करून 'सोयरीक जमू द्या' म्हणाला. मला ते वाक्य आता थट्टा वाटायला लागलं. रात्री बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "आधी त्यांना विचारा तरी." मी म्हणालो, "विचारायचं काय? यंत्रानं सांगितलंय."

मी फोन केला नाही. कवठे महांकाळला चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा होता, तिथं सगळे भेटणार होते. कॅम रुमालात बांधून खिशात घातला. वापरायचं ठरवलं नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

पंगतीत दाजी माझ्या समोरच्या ओळीत बसले होते, वाढप्याशी जिलेबीवरून थट्टा करत. कुणीतरी पाहुण्यानं मला विचारलं, "काय, आबांची गाडी कशी पळतीया?" मी बोलायच्या आत दाजीच म्हणाले, "पळंल न्हाई तर काय! कॅम कुणी घासलाय?"

मी रुमाल सोडला आणि कॅम त्या पाहुण्याच्या हातात दिला.

"ह्यांनीच," मी म्हणालो. "वेल्डिंगचं भरण देऊन घासलेलं लोखंड आबांच्या गाडीत घातलंय. कारखान्यात मोजलंय मी. घरच्या माणसानं फसवलं, काय बोलणार?"

कॅम हातोहात फिरला. जो तो टोकावर नख फिरवून बघत होता. शेतकरी माणसं, यंत्राचं काही न कळणारीही, पण सपाट झालेलं टोक सगळ्यांना कळत होतं. शेवटी तो दाजींपर्यंत पोचला. त्यांनी डाव्या हातात धरून तो बराच वेळ फिरवला. मला वाटलं, आता चिडतील, उलट बोलतील. मला तेच हवं होतं.

त्यांनी एवढंच विचारलं, "पयल्या दिवशी रेस धरली व्हती न्हवं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बायकांच्या बाजूनं आक्काही बघत होती.

"धरली होती," मी म्हणालो.

मिनिटभर धरली होती. त्या मिनिटाच्या आधारावर मी ते वाक्य उच्चारलं.

"ईस मिनिटं?"

"व्हय."

दाजी म्हणाले, "मग माझंच कायतरी चुकलं आसंल." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांनी माझं बोलणं खरं धरलं होतं. मी मापाचा माणूस, मी खोटं बोलेन हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. ते अर्ध्या पानावरून उठले, कॅम माझ्या पानाशेजारी ठेवून हात धुवायला गेले. आमच्यात भरल्या पानावरून माणूस उठला की पंगत थांबते. थांबली. मग आक्का उठली.

पुढच्या दिवाळीला भाऊबीजेला आक्का आली नाही. आबा दारात खुर्ची टाकून बसले. "एस्टी चुकली आसंल," असं स्वतःशीच म्हणत राहिले. संध्याकाळी मी फोन लावला.

"आक्का, सण हाय. माणसानं यावं की."

"येऊन काय करू? मलाबी मशिनखाली ठिवशील."

"मी तुला काय बोललो का?"

"मला न्हाई बोललास. बोलायचं व्हतं, इचारायचं व्हतं. माझ्या नवऱ्याला तू वीस वर्सं बघतोस, आन् खरं-खोटं मशिनला इचारलंस." मग ती म्हणाली, "त्यांनी कॅमचं काम बंद केलंय. ग्राइंडिंगवर ताडपत्री टाकलीया. कुपवाडच्या माणसासंगं भांडून आले, तूच मला मऊ माल दिलास म्हणून. तो शपथा घेत व्हता बिचारा. रातचं झोपत न्हाईत. म्हंत्यात, माझ्या हातनं असं आजून किती गेलं आसंल?"

ती म्हणाली, "ठिवते," आणि फोन ठेवला.

तरीही मी मनात दाजींनाच दोषी धरत होतो. झोपत नाहीत म्हणजे मनात काहीतरी असेलच, असं. हे लिहायला लाज वाटते.

मग कारखान्यात एका ग्राहकाची तक्रार आली की तुमचे शाफ्ट मऊ आहेत. त्यांनी तपासलेला एक शाफ्ट परत पाठवला होता. वरिष्ठांच्या बैठकीत तो माझ्या हातात आला. मी बघितला आणि लगेच म्हणालो, "साहेब, यांनी झिजलेल्या जागी माप घेतलंय. तिथलं कडक कातडं आधीच निघून गेलंय, खालचं लोखंड मऊच लागणार. न झिजलेल्या जागी मोजा, बरोबर येईल." लगेच तशा जागी मोजलं. बरोबर आलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. बाकीचे पुढच्या विषयाकडे वळले. मला त्यानंतरचं काही ऐकू आलं नाही.

कॅम माझ्या खणात तसाच पडला होता. सगळे गेल्यावर त्याच्या गोल पाठीखाली आधार लावला आणि सुई टेकवली. आकडा साठावर. जागा बदलून पुन्हा साठावर. भरणाची रेघ कुठेही नव्हती. दाजींनी अस्सल माल दिला होता. त्याचं कातडं खंडेनवमीच्या दिवशी, पेढे वाटले जात असताना, माझ्या हाताखाली फाटलं होतं.

खरं तर हे समजायला मला यंत्राची गरज नव्हती. दाजींनी पंगतीत विचारलेला प्रश्न हेच पूर्ण निदान होतं. त्यांनी नेमकं तेच विचारलं, आणि मी त्यांना नेमकं तिथंच खोटं उत्तर दिलं. त्या उत्तरावर विसंबून ते इतके दिवस स्वतःच्या हातांत दोष शोधत होते. मला फसवलं, फसवलं म्हणून मी जे उराशी धरून बसलो होतो, ते सगळं त्यांच्या वाट्याचं होतं.

रविवारी सांगलीला गेलो. आबांना सांगितलं, आक्काकडे जातोय. का जातोय ते सांगितलं नाही. त्यांच्या 'ठोका ऐकू दे'चा यात काही भाग आहे हे त्यांना कळू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. स्क्रू माझ्या हातात होता.

वर्कशॉप घराला लागूनच आहे. दाजी लेथवर पंपाचा दांडा लावत होते. मला बघून मशिन बंद केलं. "या," म्हणाले. 'इन्स्पेक्टर' म्हणाले नाहीत. आक्का मधल्या दारात येऊन उभी राहिली, हात पिठाचे.

"चा टाक," दाजी तिला म्हणाले.

"चा नको आत्ता," मी म्हणालो. "दोघं आधी ऐका."

"काय, दुसरा कॅम बी गेला का?" दाजींनी विचारलं. ते खरंच विचारत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. एवढ्या वर्षांत मी त्यांना कामाच्या बाबतीत घाबरलेलं पहिल्यांदा बघितलं. येताना एस्टीत मी नीट मुद्देसूद बोलायचं ठरवलं होतं, माप, कातडं, तेल असं क्रमाने. त्यातलं काही तोंडातून आलं नाही.

"न्हाई दाजी. तुमचा कॅम चांगला व्हता. दोन्ही चांगले व्हते. पाठीवर मोजला, साठ भरला. कुपवाडच्या माणसाचंबी काय चुकलं न्हाई. मी पंगतीत खोटं बोललो. रेस धरली न्हवती. मिनिटभर धरली आन् सोडली, आरती हुईस्तवर गाडी मंदावर ठिवली. तुमी फोनवर सांगितलेलं मला तवा आठवत व्हतं. पंगतीतबी आठवत व्हतं. तुमी इचारलं तवा खरं सांगितलं असतं तर तिथंच मिटलं असतं. मला सगळ्यांसमोर खाली बघायचं न्हवतं म्हणून मी तुमाला बघायला लावलं. तुमच्या हातात काय खोट न्हाई. तवाबी न्हवती. त्या पंगतीला जे जे व्हते त्यांच्या घरी जाऊन मी हेच सांगणार हाय, पण आदी तुमाला सांगायचं व्हतं. माझं चुकलं, दाजी. मला माफ करा. आक्का, तूबी."